सीआरएमची पूर्ण किंमत पहिल्याच दिवशी सांगा

प्रति,
भारतात सीआरएम, म्हणजे ग्राहकांची माहिती आणि व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर, विकणाऱ्या देशी-परदेशी कंपन्यांचे दर ठरवणारे अधिकारी,
तसेच
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली

विषय: सीआरएमच्या वर्गणीचे दर, नूतनीकरणाच्या अटी आणि छोट्या व्यावसायिकांची होणारी कोंडी

महोदय, महोदया,

मी नाशिकमध्ये पाणी शुद्धीकरणाचा व्यवसाय करते. हॉटेले, दवाखाने, गृहनिर्माण सोसायट्या आणि सातपूर-अंबडचे कारखाने यांना आरओ प्लांट आणि सॉफ्टनर पुरवायचे, बसवून द्यायचे आणि पुढे वर्षानुवर्षे सांभाळायचे, हे आमचे काम. या धंद्यात प्लांट एकदाच विकला जातो, घर चालते ते देखभालीवर. कोणी चौकशी केली होती, कोणाला कोटेशन गेले, कोणाची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, कधी संपते, कोणाचे मेंब्रेन बदलायला आले, हे ज्याच्या ध्यानात राहते तोच टिकतो. पूर्वी हे सगळे डायरीत आणि एक्सेलमध्ये असायचे. विक्रीचा माणूस नोकरी सोडून गेला की निम्मी माहिती त्याच्याबरोबर जायची. सीआरएम घेतल्यापासून ते थांबले. त्यामुळे हे पत्र सॉफ्टवेअरविरुद्ध नाही आणि वर्गणी भरून सॉफ्टवेअर वापरण्याच्या पद्धतीविरुद्धही नाही.

आम्ही ज्या कंपनीचे सीआरएम वापरतो तिने यंदा नूतनीकरणाच्या वेळी जे केले, ते मुकाट्याने मान्य करणे मला शक्य नाही. एक, प्रति युजर दर वाढवला. दोन, एएमसीची तारीख जवळ आली की ग्राहकाला आपोआप संदेश पाठवण्याची सोय आमच्या प्लॅनमध्ये होती, ती काढून वरच्या प्लॅनमध्ये नेली. तीन, नूतनीकरण नको असेल तर मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी कळवायचे अशी करारात अट आहे, आणि नव्या दराचा मेल आला तो ती मुदत उलटून गेल्यावर. फोन केला तर उत्तर मिळाले, "मॅडम, सगळ्यांसाठी हीच पॉलिसी आहे." कंपनीचे नाव मी लिहीत नाही. औद्योगिक वसाहतीतल्या इतर व्यावसायिकांशी बोलले तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांबद्दल हेच ऐकायला मिळाले. म्हणून पत्र एकीला नाही, सगळ्यांना आहे.

सुरुवात किमतीपासूनच करते. तुमच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात एक आकडा असतो: प्रति युजर, प्रति महिना इतके रुपये. त्याखाली बारीक अक्षरात 'वार्षिक बिलिंग' लिहिलेले असते. याचा हिशेब कसा होतो ते या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी मांडते. समजा दर १,५०० रुपये आहे आणि माणसे आठ. महिन्याचे झाले १२,०००. पण पैसे महिन्याला भरायचे नसतात, वर्षाचे १,४४,००० एकदम भरायचे असतात. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २५,९२० रुपये. एकूण १,६९,९२० रुपये पहिल्याच दिवशी खात्यातून जातात. दरमहा भरायचे ठरवले तर दरच वेगळा लागतो, आणि तो बराच जास्त असतो. जीएसटीचे क्रेडिट मिळते, म्हणजे तो पुढे भरायच्या करातून वजा होतो, हे खरे, पण ते नियमित नोंदणी असलेल्यांना. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला ते मिळत नाही, त्याच्यासाठी १८ टक्के हा खर्चच. १,५०० हा आकडा वाचून मनात जी रक्कम उमटते आणि बँकेतून जी रक्कम जाते, यांत एवढे अंतर आहे.

आणि हा हिशेब अजून पुरा झालेला नाही. सुरुवातीची मांडणी करून देण्याचे, म्हणजे जुनी यादी आत घेण्याचे, कोटेशनचे नमुने बसवण्याचे, माणसांना शिकवण्याचे पैसे वेगळे. टेलिफोन जोडायचा तर वेगळे. इंडियामार्टवरून येणाऱ्या चौकश्या थेट सीआरएममध्ये पडाव्यात म्हणून जोडणी हवी, तर ती कोणत्या प्लॅनपासून मिळते ते विचारावे लागते. फायली ठेवायला जागा कमी पडली की तिचे वेगळे. यातली प्रत्येक गोष्ट फुकट मिळावी अशी माझी अपेक्षा नाही, काम केले तर पैसे घ्यावेत. पण हे सगळे कोटेशनच्या पहिल्या कागदावर का नसते, हा माझा प्रश्न आहे. ते एकेक करून, गरज पडेल तसतसे बाहेर येते, आणि तोवर आमचा सगळा धंदा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसलेला असतो.

आम्हीही वर्गणीच विकतो. आमची एएमसी दोन प्रकारची असते. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये सुटे भाग धरलेले असतात, नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये फक्त सर्व्हिसच्या भेटी. वर्षात किती भेटी, कार्ट्रिज कोणाचे, मेंब्रेन कोणाचे, पंप जळला तर काय, रात्री फोन आला तर काय, हे सगळे एका पानावर असते आणि खाली ग्राहकाची सही असते. वर्षाच्या मध्ये मी एखाद्या सोसायटीला जाऊन सांगितले, की कार्ट्रिज आता या करारात येत नाही, ते हवे असेल तर वरचा करार घ्या, तर सेक्रेटरी मला दारात उभे करणार नाहीत. पुढच्या वर्षासाठी बदल करायचा असेल तर करार संपण्याच्या पुष्कळ आधी जाऊन बोलावे लागते. नाशिकमधल्या एवढ्याशा व्यवसायाला जे पाळावे लागते, ते तुम्हाला पाळता येणार नाही असे मला वाटत नाही.

आता प्लॅनच्या पायऱ्यांविषयी. तुमचे तीन-चार प्लॅन असतात आणि बऱ्याच ठिकाणी एका खात्यातले सगळे युजर एकाच प्लॅनवर असावे लागतात. याचा परिणाम असा होतो, की ऑफिसातल्या एकाच व्यक्तीला एक सोय हवी असेल तरी आठही जणांना वर चढवावे लागते. वरच्या उदाहरणात पुढचा प्लॅन २,४०० रुपयांचा असेल तर फरक माणशी ९००. आठ जणांचा वर्षाचा फरक ८६,४०० रुपये, वर जीएसटी. एएमसीचे स्मरणपत्र आपोआप जावे, एवढ्या एका सोयीची ही किंमत. आमच्याकडे नव्या सर्व्हिसच्या मुलाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी ही रक्कम होते. एखादी सोय कोणत्या पायरीवर ठेवायची हे ठरवताना ती बनवायला किती खर्च आला ते तुम्ही पाहता, की कोणत्या सोयीवाचून आमचे अडेल ते पाहता? मला दुसरे दिसते, आणि म्हणूनच तुमच्या तोंडून उत्तर हवे आहे.

युजर कोणाला म्हणायचे, हाही प्रश्न आहे. आमचा सर्व्हिसचा मुलगा दिवसभर गाडीवर असतो. त्याला मोबाइलवर पत्ता दिसला, मागच्या वेळी काय बदलले ते दिसले आणि काम झाल्याची खूण करता आली की पुरे. त्याला ना कोटेशन करायचे असते, ना विक्रीचे अहवाल पाहायचे असतात. तरी त्याचे लायसन्स विक्री प्रमुखाच्याच दराने. परवडत नाही म्हणून कितीतरी ठिकाणी चार मुले एकाच लॉगिनवर काम करतात. मग कोणी कोणाचा नंबर पाहिला, कोणी नोंद बदलली, काहीच कळत नाही. ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर असे उघडे पडणे धोक्याचे आहे, हे तुम्हीही जाणता. यावर उपाय अशक्य नाही. हबस्पॉट या सीआरएम कंपनीने मार्च २०२४ मध्ये दरांची रचना बदलली तेव्हा फक्त पाहण्यापुरत्या युजरसाठी पैसे न घेण्याची सोय ठेवली. झोहोच्या सीआरएममध्ये तीन युजरपर्यंत मोफत आवृत्ती आहे, एक-दोन माणसांच्या धंद्याला तिचा आधार होतो. चांगले केले तिथे चांगले म्हणायला हवे. पण तीन आणि तीनशे यांच्या मधले आम्ही आहोत, आणि 'फक्त काम पूर्ण झाल्याची नोंद करणारा' असा युजर आमच्याकडे सगळ्यात जास्त आहे. त्याच्यासाठी कमी दराचे लायसन्स हवे.

व्हॉट्सॲपचा खर्च तर कोणी नीट समजावूनच सांगत नाही. महाराष्ट्रातला छोटा व्यवसाय आज मेलवर चालत नाही, व्हॉट्सॲपवर चालतो. कोटेशन तिथे जाते, प्लांटचा फोटो तिथे येतो, तक्रारही तिथेच. म्हणून सीआरएमला व्हॉट्सॲप जोडतो. त्यात तीन थर असतात. व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिचा स्वतःचा दर, मधल्या सेवा पुरवठादाराचा वाटा आणि सीआरएम कंपनीचे जोडणी शुल्क. मेटाने १ जुलै २०२५ पासून संभाषणामागे दर घेण्याची जुनी पद्धत बंद करून संदेशामागे दर सुरू केला. जाहिरातीच्या संदेशाचा दर वेगळा, कामकाजाच्या संदेशाचा वेगळा, ग्राहकाने स्वतः लिहिल्यानंतरच्या ठरावीक वेळात दिलेल्या उत्तराचे नियम वेगळे. एएमसीची आठवण करून देणारा संदेश कोणत्या प्रकारात मोडतो, त्यावर आमचा महिन्याचा खर्च ठरतो. सीआरएम विकताना तुमचा प्रतिनिधी 'व्हॉट्सॲप इंटिग्रेशन आहे' एवढेच सांगतो. महिन्याला दोन हजार संदेश गेले तर तिन्ही थर मिळून किती होतील, हे त्याने कागदावर लिहून द्यावे. त्याला येत नसेल तर ते शिकवणे तुमचे काम आहे.

दरवाढीबद्दल माझे म्हणणे कंपन्यांना कदाचित अनपेक्षित वाटेल. दर वाढतात, हे मला मान्य आहे. सेल्सफोर्स या अमेरिकी सीआरएम कंपनीने जुलै २०२३ मध्ये सरासरी ९ टक्के वाढ जाहीर केली आणि ती ऑगस्टपासून लागू केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरच्या काही आवृत्त्यांवर पुन्हा सरासरी ६ टक्के वाढ केली. पगार वाढतात, सर्व्हरचा खर्च वाढतो. माझी तक्रार वाढ कळवण्याच्या पद्धतीबद्दल आणि तिला मर्यादाच नसण्याबद्दल आहे. पहिल्या वर्षी मोठी सवलत देऊन गिऱ्हाईक आत घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी सवलत काढून घ्यायची, यात कागदोपत्री दरवाढ दिसतही नाही. आमच्या खात्यातून मात्र जास्त पैसे गेलेले असतात. पहिल्या वर्षाच्या कोटेशनवर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी जास्तीत जास्त किती टक्के वाढ होऊ शकते, हे लिहिलेले का नसावे? कारखान्यांशी आम्ही तीन वर्षांचा करार करतो तेव्हा ते वाढीची मर्यादा लिहून घेतल्याशिवाय सही करत नाहीत. तुमच्यासमोर आमची तेवढी ताकद नाही, एवढाच फरक.

परदेशी कंपन्यांच्या बाबतीत डॉलरही आहेच. महिन्याला २५ डॉलरचे लायसन्स २०२२ च्या सुरुवातीला, डॉलर ७५ रुपयांच्या आसपास असताना, १,८७५ रुपयांना पडत होते. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपये ओलांडले, तेच लायसन्स २,२५० च्या वर गेले. आठ युजरना वर्षाला ३६,००० रुपये जास्त, आणि कंपनीने दरात एक सेंटही बदललेला नाही. शिवाय बिल परदेशातून आले तर नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला रिव्हर्स चार्जखाली जीएसटी स्वतः रोखीने भरावा लागतो आणि मग क्रेडिट घ्यावे लागते. झोहोसारख्या चेन्नईच्या कंपन्यांनी रुपयांत दर लावले म्हणून कितीतरी जण तिकडे वळले. ज्यांचे भारतात हजारो ग्राहक आहेत त्या परदेशी कंपन्यांना रुपयांतला स्थिर दर देणे अवघड नसावे.

एआयचा मुद्दा नवा आहे. गेल्या दोन वर्षांत जवळजवळ प्रत्येक सीआरएममध्ये एआय आले. काही ठिकाणी ते प्लॅनमध्ये घालून प्लॅनचाच दर वाढला, काही ठिकाणी त्याला 'क्रेडिट' नावाचे वेगळे माप आले. सेल्सफोर्सने आपली एआय सेवा २०२४ च्या शेवटी संभाषणामागे दोन डॉलर अशी विकायला काढली, आणि मे २०२५ मध्ये त्याजोडीला कृतीमागे दहा सेंट या हिशेबाची क्रेडिट आणली. इतकी मोठी कंपनी आपले माप वर्षाच्या आत बदलते, तर आमच्यासारख्यांनी वर्षाचे अंदाजपत्रक कशावर करायचे? युजर मोजता येतात. एखाद्या कामात किती 'कृती' झाल्या हे आम्हाला मोजता येत नाही, ते मोजणारे यंत्रही तुमचेच. विजेचे मीटर घरात लागते तेव्हा ते तपासून घ्यायची सोय कायद्याने असते. तशी काही व्यवस्था येईपर्यंत निदान एवढे करा: एआय हवे की नको ते आम्हाला निवडू द्या, आणि खर्चाची जी मर्यादा आम्ही घालू तिथे ते आपोआप थांबू द्या.

आता बाहेर पडण्याविषयी, आणि इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळी दुखणी इथूनच सुरू होतात. युजर वाढवायचा असेल तर एक बटन दाबले की झाले, पैसेही लगेच कापले जातात. कमी करायचा असेल तर नूतनीकरणापर्यंत थांबा. माणूस नोकरी सोडून गेला तरी त्याचे लायसन्स वर्षभर आमच्या माथी. काही ठिकाणी संपर्कांची संख्या मर्यादेपलीकडे गेली की खाते आपोआप वरच्या टप्प्यावर जाते, यादी साफ करून संख्या खाली आणली तरी वर्षाअखेरपर्यंत खाली येत नाही. नूतनीकरण आपोआप होते, रद्द करायला मात्र मेल लिहावा लागतो, मग फोन येतो, मग 'रिटेन्शन'चा, म्हणजे गिऱ्हाईक थोपवून धरणारा, माणूस बोलतो.

आणि माहिती. ती आमची आहे असे तुम्ही सगळे तुमच्या अटींमध्ये लिहिता. पण सोडून जाताना हातात काय पडते? नावे, नंबर आणि पत्ते यांची एक्सेल फाइल. कोणत्या चौकशीतून कोणते कोटेशन निघाले, त्यावर कोणाचे काय बोलणे झाले, प्लांटचे फोटो, पाण्याच्या तपासणीचे अहवाल, जुन्या मेलांची साखळी, हे सगळे एकमेकांना जोडलेल्या रूपात मिळत नाही. मिळते ते तुटक्या तुकड्यांत. कोणता अहवाल कोणत्या सोसायटीचा, हे पुन्हा हाताने जुळवायला कोणाकडे वेळ आहे? दहा वर्षांपूर्वी बसवलेल्या प्लांटचा इतिहास हाच आमच्या धंद्याचा ठेवा. तो सहज बाहेर काढता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि नूतनीकरणाचा मेल ज्या आत्मविश्वासाने लिहिलेला असतो तो तिथूनच येतो. माहिती सहज नेता आली असती तर मेल उशिरा पाठवायची हिंमत कोणाची झाली नसती.

युरोपात याची दखल कायद्याने घेतली आहे. तिथला डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. क्लाउड सेवा बदलायची असेल तर ग्राहकाला तसा हक्क आहे, नोटिशीची मुदत दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि १२ जानेवारी २०२७ पासून सेवा बदलण्यासाठी वेगळे शुल्क घेता येणार नाही. म्हणजे जी कंपनी युरोपमधल्या ग्राहकाला हे सगळे देणार, तिने ते तंत्र तयार केलेलेच असणार. मग नाशिकच्या ग्राहकाला तेच बटन का दिसू नये?

आपल्याकडचा २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा या बाबतीत आमच्या उपयोगाचा नाही. आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता, तो अंतिम कायद्यात राहिला नाही. उलट आमच्या ग्राहकाने आपली माहिती पुसून टाका म्हटले, तर त्याची जबाबदारी आमच्यावर येणार. ती पार पाडायची साधने तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ही सोय तरी वरच्या प्लॅनमध्ये ठेवू नका. कायदा पाळण्यासाठी लागणारी गोष्ट प्रत्येक प्लॅनमध्ये असलीच पाहिजे.

आता पुढचे प्राधिकरणासाठी.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी आपण फसव्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात तेरा प्रकार दिले आहेत. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे त्यात आहे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे आहे, आणि सॉफ्टवेअर सेवेच्या आवर्ती बिलातून वापरकर्त्याच्या नकळत पैसे काढणे हा तर स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदवला आहे. ते वाचून मला बरे वाटले होते. वर लिहिलेल्या कितीतरी गोष्टी तिथे जवळजवळ शब्दशः सापडतात. पण हे संरक्षण 'ग्राहका'ला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी खरेदी केली असेल तर सूट आहे, पण ती कायद्याच्या शब्दांत वस्तूंपुरतीच लिहिलेली आहे. म्हणजे सॉफ्टवेअरची सेवा घेणारा एकटा इलेक्ट्रिशियन आत की बाहेर, आणि त्याने तीन मुले हाताखाली ठेवली तर काय, हे प्रत्येक प्रकरणात वाद घालून ठरणार. दीड लाखाच्या बिलासाठी कोण ग्राहक आयोगापुढे जाऊन आधी आपण ग्राहक आहोत हे सिद्ध करत बसेल? मोठ्या कंपन्यांकडे वकील असतात, खरेदी विभाग असतो, त्या दर खाली आणतात. घरासाठी सेवा घेणाऱ्याला कायदा आहे. आमच्याकडे दोन्ही नाही.

नियमांनी फरक पडतो, हे आपण पाहिले आहे. रेरा, म्हणजे बांधकाम व्यवसायाच्या नियमनाचा कायदा, येण्यापूर्वी महाराष्ट्रात फ्लॅट 'सुपर बिल्टअप'वर विकले जात. जाहिरातीतले हजार चौरस फूट आणि पाय ठेवायला मिळणारे चौरस फूट यांचा मेळ नसे. २०१७ मध्ये महारेरा सुरू झाले आणि कार्पेट एरियावर किंमत सांगण्याचे बंधन कडक झाले. बिल्डरांचा धंदा त्यामुळे बंद पडला नाही. तसेच रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी नियम आणला: कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना, आणि ठरावीक रकमेच्या वर असेल तर प्रत्येक वेळी ग्राहकाची वेगळी परवानगी. ती रक्कम आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. सुरुवातीला कंपन्यांनी कुरकुर केली, नंतर सगळ्यांनी आपली यंत्रणा बदलली.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

कंपन्यांकडून मला हवे आहे ते कोटेशनचे एक पान. आमची माणसे, आमचे संपर्क, आमचे संदेश धरून पहिल्या वर्षाची जीएसटीसह एकूण रक्कम, मांडणीच्या खर्चासकट. त्याखाली दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची जास्तीत जास्त रक्कम. विक्रीचा प्रतिनिधी हे फोनवर सांगतो ते चालणार नाही, ते लिहून हवे आणि करारात बांधील हवे.

घेतलेल्या प्लॅनमधली सोय मुदतीच्या मध्ये काढू नका. नूतनीकरणाच्या वेळी काढायची असेल तर जुन्या ग्राहकाला किमान एक वर्ष ती जुन्या दरात ठेवा.

नवा दर आणि नव्या अटी मुदतीच्या ६० दिवस आधी कळवा. त्या उशिरा कळवल्या तर नूतनीकरण रद्द करण्याची आमची मुदत तितकीच पुढे गेलेली समजा. आपोआप नूतनीकरण आम्ही स्वतः निवडले तरच असावे.

युजर जितक्या सहज वाढतो तितक्याच सहज कमी व्हावा. वर्षाचे पैसे आधी घेतले असतील तर उरलेल्या महिन्यांची रक्कम पुढच्या बिलात वळती करा. फिरत्या कामगारांसाठी मर्यादित आणि स्वस्त लायसन्स ठेवा.

आमची सगळी माहिती, नोंदी, फायली आणि त्यांचे एकमेकांशी असलेले संबंध धरून, कोणत्याही प्लॅनवर, कोणत्याही दिवशी, पैसे न घेता उतरवून घेता आली पाहिजे. खाते बंद झाल्यावरही काही आठवडे ती मिळत राहावी.

प्राधिकरणाकडे मागणे दोन आहेत. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांचे संरक्षण उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांनाही मिळेल असे स्पष्ट करा, आणि त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागत असेल तर तसा प्रस्ताव मंत्रालयाकडे पाठवा. आणि वर्गणीवर विकल्या जाणाऱ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या दरपत्रकांची एकदा स्वतःहून तपासणी करा. दरपत्रके उघड आहेत, त्यासाठी कोणाच्या तक्रारीची वाट पाहण्याचे कारण नाही.

जिल्ह्यातल्या उद्योजक संघटनांनाही मी या पत्राची प्रत देत आहे. आपापल्या सदस्यांकडून सॉफ्टवेअरची गेल्या तीन वर्षांची बिले गोळा करावीत, कंपन्यांची नावे झाकून ती एकत्र मांडावीत आणि वाटाघाटी एकत्रितपणे कराव्यात, अशी माझी त्यांना विनंती आहे. आठ युजरच्या ग्राहकाचे कोणी ऐकत नाही, पण अंबड-सातपूरचे मिळून काही हजार युजर होतील.

आमचे नूतनीकरण अजून वादात आहे. नव्या दराचे पैसे मी भरलेले नाहीत. वाढीव रक्कम आणि काढून घेतलेली सोय यांबद्दल आमच्या कंपनीने मला लेखी उत्तर द्यावे, आणि इतर कंपन्यांनी वरच्या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत आणि कोणत्या नाहीत ते जाहीरपणे सांगावे. ज्या मान्य नसतील त्यांची कारणेही द्यावीत.

आपली,
नाशिकची एक लघुउद्योजिका